काकांपासून लपवलेला भाव

४ मार्च

तीर्थरूप बाबांस, सा. न. वि. वि.

छतावर सोलर पॅनेल बसली. बसवणारा म्हणाला, महिन्यातून एकदा पुसली तरी पुरे. आई दिवसातून दोनदा जिना चढते. ऐकतंय कोण!

काल काकांकडे गेले आणि कपाळावर हात मारला. सोलरचे भाव दहा वर्षांत जराही उतरले नाहीत, असं तुम्ही त्यांना सांगितलंत म्हणे? अहो बाबा, त्यांनी तेव्हा दोन पॅनेलना जेवढे पैसे मोजले, तेवढ्यात आपली आठ आली! आता त्यांची बॅटरी मेलीय, आणि तीही अजून महागच असणार असं समजून ते नवी घेत नाहीत. वीज गेली की काकूचं श्वासाचं यंत्र बंद पडतं. ती खिडकीशी बसून धापा टाकते. काकांनी मला भाव विचारला, तेव्हा मी पाणी प्यायच्या निमित्ताने स्वयंपाकघरात पळाले. हे मला पुन्हा जमणार नाही. आजच त्यांना खरं कळवा.

रागावलात तरी माया कमी करू नका.

तुमची मुलगी

९ मार्च

चि. तपासनीसबाईंस, अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र वाचता वाचता चहा गार झाला. अगं, माझ्या दादाने, तुझ्या काकाने, स्कूटर विकून ती पॅनेल घेतली होती. सगळे त्याच्या हौसेला हसले, त्यात मीही होतो. आता कोणत्या तोंडाने सांगू? मी इथून बॅटरी पाठवतो. दुकानदाराने चुकून दोन दिल्या, असं सांगू. तू मध्ये पडू नकोस.

आईला म्हणावं, काचा झिजतील. लोभ आहेच, तो राहू दे.

तुझे बाबा

१३ मार्च

तीर्थरूप काकांस, सा. न. वि. वि.

चुकून जास्त आलेल्या बॅटरीची थाप तुमच्यापर्यंत येईल, त्याआधी लिहिते. भाव खूप उतरलेत, पॅनेलचे आणि बॅटरीचेही. तुम्हाला वाईट वाटू नये म्हणून बाबांनी लपवलं. हेतू चांगला होता, अक्कल तेवढी गहाण पडली होती. दुकानाचा पत्ता मागे लिहिलाय. बॅटरी आजच आणा. मग माझ्याशी बोलला नाहीत तरी चालेल. खरं तर चालणार नाही, पण आधी बॅटरी आणा.

काकूला नमस्कार. दोघांची माया असू द्या.

तुमची पुतणी

१८ मार्च

चि. पुतणीस, आशीर्वाद.

बॅटरी आणली. काल दुपारभर वीज नव्हती, काकूला ते कळलंसुद्धा नाही.

तुझ्या बाबाचा मात्र संताप आलाय. कीव करायला याला सख्खा भाऊच सापडला? त्यापेक्षा पूर्वीसारखा तोंडावर हसला असता तर बरं होतं. आणि हौस कसली! त्याच वर्षी डॉक्टरांनी काकूला ते यंत्र लावलं होतं. वीज दिवसाआड जायची. तिने तेव्हा कुणाला सांगू दिलं नाही, म्हणून मी लोकांचं हसू निमूट ऐकून घेतलं. त्या महागाच्या पॅनेलवर तिने दहा वर्षं श्वास घेतलाय. ती दहा वर्षं आता कुठल्या दुकानात स्वस्त मिळतात, तेवढं बाबाला विचारून कळव.

लोभ दोघांवर आहे, सध्या तुझ्यावर जरा जास्त.

तुझे काका