सुविधेने ओळखलेला वास

मी, कृष्णनाथ सखाराम गावस, वय ६९, राहणार इब्रामपूर, तालुका पेडणे, केरीच्या एका हॉटेलात तीस वर्षे वाईन वाढून निवृत्त झालेला, पूर्ण शुद्धीत व स्वखुशीने माझी अखेरची इच्छा लिहून ठेवतो.

१. घर आणि काजूची बाग : गोव्याच्या कायद्याने अर्धा वाटा मुलगा अक्षय याचा. माझ्या मर्जीचा उरलेला अर्धा सून सुविधा हिला.

२. मेव्हणा महादेव याला काही नाही. माझ्याच लग्नात तो मला ‘सोरो पाजपी’, म्हणजे दारू पाजणारा, म्हणाला होता.

३. माझे चाखण्याचे ग्लास, बूच काढायचा स्क्रू आणि वासांच्या अकरा वह्या सुविधेला. अक्षयला नाहीत. कारण लिहितो, लिहितानाही विश्वास बसत नाही.

जानेवारीत जुने सहकारी घरी आले. कागदात गुंडाळलेल्या बाटलीतून त्यांनी पांढरी वाईन ओतली : ओळख, कुठल्या द्राक्षाची! मी ग्लास नाकाशी धरला. काहीच नाही. नुसते पाणी. तापानंतर वर्षभर माझे नाक मेले होते, हे मी सर्वांपासून लपवले होते. रंग पाहून ठोकून दिले, “व्हिओनिए.”

सुविधा काजूची बशी ठेवत होती. ती दारूला शिवत नाही. ग्लासावर वाकून हळूच म्हणाली, “बाबा, हाका लिचीचो वास येता. गुलाबाचोय. हें गेवुर्ट्झट्रामिनर न्हय?”

कागद फाडला. तेच होते! जे द्राक्ष मी डोळे मिटून ओळखायचो, तेच.

“तुका कोणे शिकयलें?” मी विचारले.

“तुमी अक्षयाक शिकयताले, तेन्ना हांव लादी पुसतालें.”

अक्षयला सात वर्षे शिकवले. त्याला एकही वास आठवत नाही. आणि मी तिला शाबासकी देण्याऐवजी सर्वांदेखत ओरडलो, “भितर वच!” ती आत निघून गेली. त्यावर ती आजवर एक शब्द बोलली नाही. मीही नाही.

४. मृत्युपत्र माणूस गेल्यावर वाचतात. वरचे तिसरे कलम मात्र उद्या सकाळी मी स्वतः सुविधेला समोर बसवून वाचून दाखवणार आहे. माझा आवाज फुटला नाही तर साक्षीदार राजेश यांनी पुढे वाचावे.

सही : कृष्णनाथ सखाराम गावस
आमच्यासमोर सही केली : राजेश परब, इब्रामपूर, पल्लवी सावंत, साखळी
इब्रामपूर, १८ मार्च २०२५