सदतिसावी सुई

१४ तारीख, गुरुवार
दुपारचे सव्वातीन

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

आम्ही सगळे ठीक आहोत. सगळे म्हणजे मी आणि हे. ह्यांचा गुडघा कुरकुरतो आणि हे गुडघ्यापेक्षा जास्त कुरकुरतात. तुझी खुशाली विचारणार होते, पण उत्तर येणार नाही हे माहीत असताना विचारणं म्हणजे शाईची नासाडी. फोनवर तू मला तीन वर्षं ब्लॉक करून ठेवलं आहेस, म्हणून कागद घेतला. पोस्टमनला अजून कुणी ब्लॉक करू शकलेलं नाही.

आधी एक गंभीर तक्रार नोंदवते. गेल्या वीस दिवसांत मला एक कप चहा सुखाने पिता आलेला नाही. कप ओठाला लावला की फोन टिंग करतो आणि पडद्यावर तेच तीन शब्द उमटतात : 'अजून आहे का?' आहे, असं कळवलं की माणूस गायब. वस्तू बघायला येत नाही, नको म्हणत नाही, काही नाही. या जगात अजून काहीतरी शिल्लक आहे एवढाच दिलासा त्याला हवा असावा. असा दिलासा मी आजवर बावन्न जणांना दिला. चहा बावन्न वेळा गार झाला. याची दाद कुठे मागायची ते सांग.

कारण असं, की महिनाअखेरीला आम्ही घर बदलतोय. नवं घर दीड खोलीचं. त्यातली अर्धी खोली कुठली, हे दलालालाही दाखवता आलं नाही. तेव्हा सामान कमी करणं आलं. शेजारणीच्या सुनेने फोनवर ते जुन्या वस्तू विकायचं ॲप घालून दिलं आणि मी दुकान मांडलं.

तुला माहीतच आहे, मी सव्वीस वर्षं छापखान्यात मुद्रितं तपासते. लोकांच्या चुका शोधून पोट भरलं, तर स्वतःच्या कपाटाच्या कशा लपवू? जाहिरातीत सरळ लिहिलं : 'कपाट. सागवानी. डावं दार उघडताना ओरडतं. खालच्या खणात शाई सांडलेली आहे, डाग जाणार नाही, प्रयत्न करून झालेत.' हे म्हणाले, "अशी जाहिरात वाचून कोण येणार आहे?" मी म्हटलं, येईल तो निदान परत करायला तरी येणार नाही.

आले ना. नवरा-बायको आले. त्यांनी टेपने कपाटाची उंची मोजली, मग आमच्या छताची मोजली, ती कशाला ते देव जाणे. डावं दार सात वेळा ओरडवलं. मग कपाट कुठल्या खोलीत ठेवायचं यावरून आमच्याच सोफ्यावर बसून भांडले. पाणी मागितलं. जाताना नवरा म्हणाला, दाराचा आवाज येतो, काही कमी करणार का? मी म्हटलं, आवाज की किंमत? बायको हसली आणि तिथेच सौदा झाला. कपाट पूर्ण किमतीला गेलं. नवऱ्याचं तोंड त्या डाव्या दारासारखं झालं होतं.

दुसरे एक गृहस्थ रोज सकाळी सातला लिहायचे. त्यांचं नाव मी 'निम्मेसाहेब' ठेवलं, कारण वस्तू कुठलीही असो, ते निम्म्या किमतीला मागत. शेवटचं सांगा, म्हणायचे. मी कळवलं, पहिलं तेच शेवटचं. तर उलट मला शिकवायला निघाले, की बाई, व्यवहारात लवचीक असावं लागतं. त्यांना दोरीवरच्या उड्यांची दोरी निम्मी कापून विकायची तयारी दाखवली. तेव्हापासून सकाळी सातला शांतता आहे.

हे सगळं तुला रंगवून का सांगतेय? कारण पुढचं सांगायचं टाळतेय. तूही हे ओळखलंच असशील.

तर. आईचं विणकामाचं मशीनही मी विकायला काढलं.

कागद फाडू नकोस, पुढे वाच.

काढलं, कारण नव्या घरात जागा नाही. आणि काढलं, कारण तीन वर्षं ते त्या खिडकीपाशी चादरीखाली बसून माझ्याकडे बघतंय. जाहिरात नेहमीसारखीच लिहिली : 'हाताने चालवायचं विणकाम मशीन. दोनशे सुया. ओळी मोजायचं चक्र चालतं. सुयांवर दाब ठेवणारी स्पंजची पट्टी झिजली आहे, तिच्या जागी जुन्या ब्लँकेटची पट्टी घातलेली आहे.' आईचं आहे, हे लिहिलं नाही. फोटो तीन, तिन्ही समोरून.

निम्मेसाहेबांनी निम्म्याला मागितलंच. बाकी कुणी विचारलं नाही, एक सोडून. नाव 'ग्राहक ४४१', फोटोच्या जागी करडा गोळा. असं चिवट गिऱ्हाईक मी पाहिलं नव्हतं. सुयांवरून फिरणारी गाडी सरकवताना उजव्या टोकाला अडते का? अडते, जरा उचलून घ्यावी लागते. विणीला ताण देणारी वजनं सगळी आहेत का? एक हरवलंय, त्याऐवजी कुलूप लटकवते. मशीनला शेवटचं तेल कधी दिलं? रोज एक प्रश्न, नऊ दिवस. घासाघीस नाही, नमस्कार नाही, आभार नाहीत. मी ह्यांना म्हटलं, हा माणूस मशीन घेतोय की मुलीला स्थळ बघतोय?

दहाव्या दिवशी प्रश्न आला : 'लाल ठिपक्याखालची सुई बदलली का?'

मी तिन्ही फोटो मोठे करकरून पाहिले. ठिपका कुठल्याच फोटोत नाही. असणार कसा, तो सुयांच्या पट्टीच्या मागच्या अंगाला आहे, विणायला बसणाऱ्यालाच दिसतो. तो नेलपॉलिशचा आहे. आपल्या घरात नेलपॉलिशची बाटली एकदाच आली, ताई, आणि ती तुझी होती.

त्रेपन्नावा चहा गार झाला.

मी कळवलं, 'सुई तीच आहे. अजूनही टाका सोडते.' त्यावर काल तुझं उत्तर आलं : 'किंमत मान्य. शनिवारी माणूस पाठवते.'

माणूस पाठवते म्हणे. आईचं मशीन पूर्ण किमतीला घ्यायचं, पण माझं तोंड बघायचं नाही. वा. बावन्न जण परवडले, निम्मेसाहेब परवडले, पण तुझ्याइतकं त्रासदायक गिऱ्हाईक मला भेटलं नाही. मी जाहिरात काढून टाकली आहे. ग्राहक ४४१ ला मशीन मिळणार नाही. आदळआपट करायची तर कर.

आता ते टाळलेलं.

मी अकरा वर्षांची, तू पंधराची. शाळेच्या चाळीस स्वेटरांची ऑर्डर होती. आई तयार झालेले पोचवायला गेली होती आणि मशीनवर अर्धी बाही होती. हात लावू नकोस, असं बजावून गेली होती. मी लावला. गाडी अडली. उचलायची असते हे मला कुठे ठाऊक, मी दोन्ही हातांनी ढकलली. कट् असा आवाज आला, सदतिसावी सुई वाकली आणि सगळी बाही टाक्या-टाक्याने सुटून माझ्या पायावर पडली. तू स्वयंपाकघरातून आलीस. म्हणालीस, "तुला मारेल ती. मला नुसती बोलेल. गप्प बस."

ती तुला बोललीसुद्धा नाही. सुई पकडीने सरळ केली, तुझी बाटली घेऊन तिथे ठिपका लावला आणि पुन्हा तुला मशीनपाशी बसू दिलं नाही. शिक्षा म्हणून तुझी शाळेची सहल गेली, ते वेगळंच. मला मात्र शिकवलं. धाकटीचा हात हलका आहे, थोरलीचा जड, असं ती येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायची. आपण दोघी तिथेच उभ्या असायचो. तू माझ्याकडे बघायचीस आणि मी लोकरीकडे.

हे एक वेळ लहानपण म्हणून खपतं. पण आई गेल्यावर तू मशीन मागितलंस, तेव्हा मी अठ्ठेचाळीसची होते. आणि मी तोंड वर करून म्हणाले, "तुझा हात जड आहे, ताई. आईच म्हणायची."

तू चपला घातल्यास आणि गेलीस. त्या वेळी जरी तू ओरडली असतीस, सगळ्यांसमोर खरं सांगितलं असतंस, तरी मी खोटं पाडलं असतं तुला. माझी तयारी होती. तू ती संधीही दिली नाहीस, याचा राग मला तीन वर्षं पुरला.

माफीबिफी मला जमत नाही, तुला माहीत आहे. आमच्या धंद्यात माफी मागत नाहीत, दुरुस्ती करतात. मशीनच्या खणात आईची वही आहे, नमुन्यांची आणि डागडुजीची. त्यात तिच्या अक्षरात लिहिलंय : 'सुई ३७, थोरलीने वाकवली. सरळ केली. लक्ष ठेवणे.' आज दुपारी मी 'थोरलीने'वर काट मारली, समासात 'धाकटीने' लिहिलं, खाली सही केली आणि आजची तारीख घातली. ह्यांनाही वाचून दाखवलं. ते गुडघा चोळत वहीवर वाकले. मग म्हणाले, "पेन्सिलीने नाही ना केलंस?" नाही. लाल शाईने केलंय.

पानाचा फोटो पाठवणार नाही. इथे येऊन बघायचं.

मशीन विकायचं नाही. तुझं आहे, ने. फक्त माणूस पाठवायचा नाही, स्वतः यायचं. यात निम्मं चालणार नाही, पहिलं तेच शेवटचं. सामानाचा ट्रक तीस तारखेला येतोय. तोवर आली नाहीस तर मशीन माझ्याबरोबर त्या दीड खोलीत येईल आणि तिथेही तुझी वाट बघत बसेल. जागा केली आहे. ह्यांची आरामखुर्ची आज सकाळी ॲपवर टाकली, त्यांना अजून सांगितलेलं नाही.

गाडी उजव्या टोकाला अडते, तिथे उचलून घ्यायची, हे तुला शिकवायला नको. तेल मी कालच दिलंय.

तुझी,
जड हाताची धाकटी