पातळ हवेची खोली आणि माझी लाळ

३ ऑक्टोबर, सकाळी
आत शिरलो. दार बाहेरून बंद. यंत्राने इथली हवा उंच डोंगरावरच्यासारखी पातळ केली आहे. सोबत मेव्हणा, म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ. एकाच संस्थेत आहोत, हे माझं दुर्दैव. डोंगरावरच्या केंद्राचा प्रमुख आमच्यापैकी एक होणार. डॉक्टरबाई ते लाळेवरून ठरवणार. हवा पातळ झाली की लाळेतली प्रोटीन्स बदलतात, त्यावरून शरीर रुळतंय की नाही ते कळतं म्हणे. माझं रुळणारच. लहानपणी मी गच्चीवरच्या टाकीवर चढायचो.

संध्याकाळी
डोकं दुखत नाहीये. ते आहे, एवढंच जाणवतंय.

४ ऑक्टोबर
उपाशीपोटी नळीत लाळ गाळायची. खाकरायचं नाही, आपोआप येऊ द्यायची. बायकोसमोर बसतो तसा मान खाली घालून बसलो. नळीचा तळ जेमतेम ओला. मेव्हण्याची काठोकाठ. वर विचारतो, भाऊजी, थोडी देऊ का?
संकल्प: उद्यापासून दीर्घ श्वसन.

५ ऑक्टोबर
दीर्घ श्वसन केलं. चक्कर आली. बंद.
मेव्हणा दोघांचं जेवला आणि घोरला. दार आतून उघडत नाही. मी उघडायला गेलो नव्हतो, सहज हात लागला.

६ ऑक्टोबर
निकाल फक्त आज-उद्याच्या नळ्यांवरून लागणार. नळीवर नावाची पट्टी आपणच चिकटवायची असते. मेव्हणा अंघोळीला गेला तेव्हा पट्ट्या बदलल्या. ही फसवणूक नव्हे. त्याला माणसं सांभाळता येत नाहीत. घरचा माणूस म्हणून त्याला वाचवतोय.

७ ऑक्टोबर
पुन्हा बदलल्या. आज हात थरथरला नाही. यालाच रुळणं म्हणत असावेत.

९ ऑक्टोबर
निकाल. डॉक्टरबाई काचेपलीकडून फोनवर बोलल्या. मेव्हण्याचं शरीर झकास रुळलंय, तो प्रमुख. माझं अजिबात रुळत नाही, मी डोंगराचं नावही काढू नये. मी डोकेदुखीचं विचारलं. सुरुवातीला ती बहुतेकांना होते, म्हणाल्या.
म्हणजे झकास लाळ माझी होती. आणि मी ती आपल्या हाताने त्याला देऊन बसलो!

दुपारी
बायको भावासाठी लोकरी मोजे घेऊन आली. हिवाळाभर बर्फाने रस्ता बंद, कुणाला खाली आणता येत नाही, म्हणून दोन जोड. खूप खूश होती. मेव्हणा काचेला नाक लावून हसत होता. सांगितलं तर माझी नोकरी जाते. नाही सांगितलं तर त्याचा जीव. मला भीती वाटतेय.

१० ऑक्टोबर, सकाळी
डॉक्टरबाईंना सगळं सांगितलं. इतक्या प्रामाणिक माणसाला प्रमुखपद देतील असं वाटतं. त्यांनी फोन ठेवला.

संध्याकाळी
मेव्हण्याला लगेच बाहेर काढलं. प्रमुखपद तिसऱ्यालाच गेलं. माझ्यासारखी लाळ मात्र क्वचित मिळते म्हणे, म्हणून प्रयोग माझ्या एकट्यावर पहिल्यापासून. महिनाभर. नोकरी हवी असेल तर नाही म्हणायची सोय नाही.
बायको भावाला न्यायला आली होती. मी काचेतून हात केला. तिने त्याच्या हातातली पिशवी घेतली आणि दोघं गेले.