रोझिनाची लादी

८ एप्रिल १९०४, शुक्रवार

आले बाई एकदाची सासरी! गाव एवढंसं, पण चर्च बघावं. भोवती दुहेरी तट, तटाला बुरूज. पूर्वी तुर्क चालून आले की सगळं गाव गुराढोरांसकट आत शिरायचं म्हणे. आम्हा सॅक्सन लोकांत, इथल्या जर्मन वस्त्यांत, असं चर्च मिरवायची गोष्ट. माझ्या माहेरी नुसतं कुंपण आहे.

आंद्रेआसने, म्हणजे माझ्या नवऱ्याने, मला गाडीतून उचलून उतरवलं आणि धापा टाकत हसला. मी अंगाने चांगली भरलेली. लग्नाचा घागरा आईला दोनदा उसवावा लागला होता. त्याची पहिली बायको रोझिना नाताळनंतर तापाने गेली. काडीसारखी होती म्हणतात. ऐकून बरं वाटलं.

१० एप्रिल, रविवार

चरबीच्या बुरुजात गेले. घराघराची खारवलेल्या डुकराच्या चरबीची लादी तिथे आकड्याला टांगलेली असते. बुरूज फक्त रविवारी, प्रार्थनेआधी उघडतो. आपापला आठवड्याचा तुकडा कापायचा, मग किल्लीवाले बोट्श आजोबा कापल्या कडेवर शिक्का मारतात. कोणी चोरू नये म्हणून.

आमची लादी रोझिनाने खारवलेली.

चर्चमध्ये बायकांच्या बाकांना पाठ नाही, टेकलं की झग्याच्या चुण्या मोडतात ना. आमच्या घरची जागा पुढच्या बाकावर, रिकामीच होती. बसायला गेले तर शेजारच्या सुझाना काकींनी कोपर धरलं. म्हणाल्या, "अगं पोरी, तिची लादी संपू दे आधी. तिच्या हातचं मीठ घरात आहे तोवर घर तिचं. मग बस की खुशाल."

दाराजवळ बसले, पाहुण्यांत. अंगाचा नुसता तिळपापड झाला. आणि नवरा माझा, वर पुरुषांच्या सज्जात बसून सारा वेळ त्या रिकाम्या जागेकडे बघत होता.

१७ एप्रिल, रविवार

भला मोठा तुकडा कापला. आजोबांनी भुवया उंचावल्या, उंचावू देत. रात्री आंद्रेआस बोटं चाटत म्हणाला, "रोझिनाच्या हाताची गोडी यंदा जास्तच उतरलीय." माझ्या रांधण्याला कधी एक शब्द नाही! उरलेली सगळी कुत्र्याला घातली. मेलेल्या बाईशी कसलं भांडायचं, पण भांडतेय मी.

२४ एप्रिल, रविवार

लादी तेवढीच आहे. शेजारी काकींची लादी बरोबरीने टांगली होती, ती वीतभर उरली. आमची जशीच्या तशी. शिक्का शाबूत. आजोबांना विचारलं तर म्हणाले, तुला घाई फार, म्हणून तसं दिसतं.

आज आणखी मोठा कापला. घागऱ्याला कमरेशी पिन लावावी लागली. काकी हसल्या, सासरी येऊन वाळणारी पहिलीच नवरी बघतेय म्हणाल्या.

२८ एप्रिल

अंगठी कणकेत गळून पडली. बोट नुसतं हाड.

आंद्रेआसने मनगट धरून बघितलं. लग्न झाल्यापासून इतक्या मायेने कधी धरलं नव्हतं. म्हणाला, "अगदी तिच्यासारखं झालंय." मी हात हिसकावून घेतला. रात्रभर रडले. तिच्यासारखी म्हणून आवडायचं मला? मरेन, पण नाही. येत्या रविवारी ती लादीच संपवते.

१ मे, रविवार

घंटा झाली, सगळे गेले. मी लाद्यांच्या मागे दडले. आजोबांनी बाहेरून कुलूप घातलं. आता उघडेल पुढच्या रविवारी. चालेल. वही खिशात आहे, सुरी हातात.

कापतेय. ढीग पडलाय पायाशी. लादी तेवढीच —

चरबी कोमट आहे.

झगा खांद्यावरून घसरला. घागरा पण. उभं राहवत नाही, आकड्याला धरून —

खाली प्रार्थना सुटली. झरोक्यातून दिसतंय. आंद्रेआस दारात. त्याच्याबरोबर बाई आहे. पुढच्या बाकावरूनच उठली असणार, काकी तिला वाट देतायत. गाल भरलेले, दंड भरलेले — माझे. माझे दंड आहेत ते! तो हसतोय, माझ्याशी हसला नव्हता कधी असा —

ओरडले. आवाज निघत नाही.

तिने वर बघितलं. काडीसारखी म्हणत होते ना हिला —

आता नाही कापायचं. सुरी टाकली मी. टाकली, तरी मागे कोणीतरी कापत