कोणताही जुना फोन चालेल

सोमवार, ३ मार्च
आजपासून मोबाईलचं सदर माझ्याकडे. संपादकसाहेबांनी केबिनमध्ये बोलावून सांगितलं. आधीचा सदरवाला नोकरी सोडून गेला म्हणून मला मिळालं, असं ऑफिसात बोलतात. बोलू देत. लायक माणसासाठी जागा रिकामी व्हावीच लागते.
साहेब म्हणाले, प्रत्येक बातमीला दोन सूत्रं हवीत. मी म्हटलं, अचूकता माझ्या रक्तात आहे. त्यावर साहेबांनी डोळे चोळले. गहिवरले असावेत.
संकल्प: (१) अचूकता. (२) रोज व्यायाम. (३) बायकोचं बोलणं पूर्ण ऐकणे. ती मोबाईल कंपनीच्या मोठ्या दुकानात काउंटरवर आहे, अकरा वर्षं. म्हणजे घरातच विहीर आणि मी इतके दिवस तहानलेला.

मंगळवार, ४ मार्च
व्यायाम उद्यापासून. पाठ.

बुधवार, ५ मार्च, सकाळ
बायको उभ्याउभ्या चहा पीत सांगत होती. कंपनीचं नवीन अपग्रेड धोरण येतंय. जुना फोन द्यायचा, नवीन न्यायचा. पुढे तिने तीन-चार अटी सांगितल्या. मी तेव्हा उकडलेल्या अंड्याचं कवच काढत होतो आणि ते चिकटलं होतं, त्यामुळे अटी कानावरून गेल्या. अटी नाहीतरी सगळ्या सारख्याच असतात.
निघताना म्हणाली, सोमवारी जाहीर होणार आहे, तोवर कुठे बोलू नकोस, आम्हाला सक्त ताकीद आहे. मी म्हटलं, माझ्या पोटात गेलं ते गेलंच.
खरंच काही बोलणार नाही. फक्त लिहिणार आहे.

गुरुवार, ६ मार्च
लिहिलं. एका बैठकीत. मथळाही मीच दिला: 'कोणताही जुना फोन द्या, नवा कोरा घेऊन जा!'
दोन सूत्रांचा प्रश्न सोडवला. बायको म्हणजे अर्धांगिनी, तेव्हा अर्धं सूत्र ती. ऐकणारा मी, उरलेलं अर्धं. एक झालं. दुसरं पुढच्या बातमीला जास्तीचं घेऊ.
उपसंपादक बाई, जिला सगळे चष्मा म्हणतात, तिने नाक खुपसलंच. कोणताही म्हणजे कोणताही? बंद पडलेलासुद्धा? दुसऱ्या कंपनीचासुद्धा? मी म्हटलं, कोणताही या शब्दाचा अर्थ शाळेत शिकवतात. तिने विचारलं, कंपनीला फोन केलास का. मी म्हटलं, शिकारी जनावराला आधी कळवून येत नाही. बघत राहिली. बुद्धिमान माणसाकडे बायका अशाच बघतात.

शुक्रवार, ७ मार्च, सकाळ
पहिलं पान!!! माझं नाव ठळक!
वरच्या मजल्यावरचे काका पेपर घेऊन खाली आले. एकटे असतात, मुलगी परदेशात. त्यांचा फोन सहा वर्षांचा, काच तडकलेली. चालेल का, म्हणाले. मी म्हटलं, काका, लिहिलंय कुणी? लवकर जा, गर्दी होईल. माझा हात हातात घेऊन म्हणाले, शेजारी पेपरवाला असल्याचा असा फायदा. भरून आलं.
बायको पेपर न बघताच कामावर गेली. संध्याकाळी सरप्राईज.

शुक्रवार, संध्याकाळ
बायको उशिरा आली. युनिफॉर्मची बाही फाटलेली, भुवईवर तीन टाके.
दुकान उघडायच्या आधीच रस्त्याच्या वळणापर्यंत रांग होती म्हणे. (वाचकवर्ग!) ती प्रत्येकाला सांगत होती की असं काही नाही. फक्त आमच्याच कंपनीचा फोन हवा, तो चालू हवा, वर्षभराचे हप्ते वेळेवर भरलेले हवेत, आणि नवीन फोनचे हप्ते पुन्हा सुरू होतात. लोक तिच्या तोंडासमोर पेपर नाचवत होते. शेवटी एकाने जुना फोनच फेकून मारला.
मी विचारलं, कोणतं मॉडेल होतं. पुढच्या लेखाला उपयोगी पडलं असतं. तिने सांगितलं नाही.
मग तिने माझा लेख वाचला. उभ्यानेच. म्हणाली, मी तुला हे सांगितलं होतं? मी म्हटलं, साधारण हेच. ती न जेवता झोपली. डोक्याला मार लागला की भूक मरते.

शनिवार, ८ मार्च
काकांचं उजवं मनगट मोडलं. चेंगराचेंगरीत पडले. फोनही तिथेच कुणाच्या तरी पायाखाली गेला, आणि मुलीचा नंबर फक्त त्यातच होता. मुलगी दर शनिवारी फोन करते म्हणे. आज करत असेल.
धीर द्यायला वर गेलो. लेखाचं कात्रण सही करून नेलं होतं. त्यांना हातात धरता येईना, म्हणून खिशात घालून दिलं. काका भिंतीकडे बघत राहिले. औषधाची गुंगी.

रविवार, ९ मार्च
सुट्टीच्या दिवशी साहेबांचा फोन! आधी वाटलं, अभिनंदन. कंपनीचं पत्र आलंय. उद्या शुद्धिपत्र लिहून दे, म्हणाले. मी म्हटलं, सत्य वाकत नाही. ते म्हणाले, सत्याचं मी बघतो, तू उद्या लिही.
बायको समोर येऊन बसली. कंपनीत शोध चालू आहे की बातमी बाहेर कुणी दिली. तू पेपरात आहेस हे तिथे कुणाला माहीत नाही, म्हणाली. एवढंच लिही की ऐकण्यात माझी चूक झाली. दुसरं काही मागत नाही. रडली नाही, आवाज चढवला नाही. मी शब्द दिला. माझा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ.

सोमवार, १० मार्च
शुद्धिपत्राला अख्खा दिवस गेला. 'ऐकण्यात माझी चूक झाली' असं लिहून पाहिलं. वाक्य बसेना. लय नाही. शिवाय ज्याला ऐकताच येत नाही त्याचं सदर कोण वाचणार? वाचकांचाही विचार करावा लागतो.
शेवटी जमलं: 'ही माहिती कंपनीच्या मुख्य दुकानातील काउंटरवरील एका अनुभवी महिला कर्मचाऱ्याकडून मिळाली होती. तिच्या सांगण्यात त्रुटी राहिल्याने वाचकांची गैरसोय झाली.'
नाव दिलं नाही. सूत्राचं संरक्षण हा आमच्या धंद्याचा धर्म. काउंटरवर बायका दोनच आहेत, पण दुसरी मागच्याच महिन्यात लागली. तिच्यावर उगाच आळ नको, म्हणून 'अनुभवी' हा शब्द मुद्दाम घातला. एका शब्दाने एका गरीब मुलीची नोकरी वाचली. झोप छान लागेल.

मंगळवार, ११ मार्च
बायको दुपारीच घरी आली. हातात कापडी पिशवी. त्यात तिचा कप, दुकानातल्या एसीत घालायचं स्वेटर, सपाता. अकरा वर्षं आणि एक पिशवी, वर पिशवी अर्धी रिकामी.
मॅनेजरने पेपर पुढे ठेवला आणि ओळ वाचून दाखवली म्हणे. तिने नाकारलं नाही.
मी म्हटलं, नाव कुठे होतं? नाव दाखव! तिने सपाता पायात घातल्या आणि आत गेली.
एका अर्थी बरंच झालं. उभ्याची नोकरी, पाय दुखायचे तिचे. मी नेहमी म्हणायचो. मनात.

बुधवार, १२ मार्च
मेहुणा गाडी घेऊन आला. चार दिवस माहेरी हवापालट. बॅगा पाच. बायका सामान जास्तच घेतात.
एक बॅग मी उचलली. मेहुण्याने ती माझ्या हातातून काढून घेतली. पाहुण्यासारखं वागवतात मला ते लोक, जावयाचा मान.
बायकोने काकांच्या दारावर टकटक केली. तिने म्हणे काकांनी सिम घेताना दुकानात भरलेल्या फॉर्मवरून त्यांच्या मुलीचा नंबर आधीच शोधून आणला होता, नोकरी जायच्या दिवशी. काका दारात उभे राहून रडले. मला वाटलं, आता माझीही चौकशी करतील. दार लावून घेतलं.

शनिवार, १५ मार्च
सदर चष्म्याला दिलं. तिच्या पहिल्या लेखात सगळ्या अटी आहेत, एकेक करून. कोण वाचणार? (सगळे वाचत होते. कॅन्टीनवालासुद्धा.)
मला निधनाच्या जाहिरातींवर घेतलंय. साहेब म्हणाले, इथे घरचे लोक मजकूर लिहून देतात, तू फक्त उतरवायचा. म्हणजे जिथे एका अक्षराची चूक चालत नाही अशी जागा खास माणसाला. बढतीच.

मंगळवार, १८ मार्च
किरकोळ गोंधळ. वडील गेले होते आणि खाली 'शोकाकुल' म्हणून मुलाचं नाव होतं. छापताना वडील शोकाकुल झाले आणि मुलगा गेला. मुलाच्या बायकोला सकाळी त्याच्या ऑफिसातून फोन आले, ती घेरी येऊन पडली. नवरा शेजारीच दाढी करत होता, तरी पडली! माणसं किती छापील शब्दावर जातात.
साहेब म्हणाले, घरी बसा. मी विचारलं, किती दिवस? ते म्हणाले, बसा.
आता पुस्तक लिहायला मोकळा. विषय: वृत्तपत्रातील अचूकता.

बुधवार, २६ मार्च
पुस्तकाचं शीर्षक झालं. अर्पणपत्रिकाही: 'तिला'. व्यायाम नाही.
घरात कपबश्यांचा ढीग. चार दिवसांचे चौदा झाले, पण हवा मानवली असेल. भांडी तशीच ठेवलीत. आली की आपलं घर आपली वाट बघत होतं असं तिला वाटेल.

सोमवार, ३१ मार्च
आला!!! तिचा फोन आला! गुरुवारी अकराला ये, सही करायची आहे, म्हणाली. पत्ता सांगितला, कसली सही तेही सांगितलं, पण मी 'ये' वरच अडकलो होतो. नवीन नोकरीसाठी नवऱ्याची सही लागत असणार. शर्ट इस्त्रीला दिला.
आवाज शांत होता. माणूस वरमला की आवाज शांत होतो.

गुरुवार, ३ एप्रिल
दुसरा मजला. बाहेर पाटी वकीलबाईंची. बायको, मेहुणा आधीच आलेले. तिच्या भुवईवर टाक्यांची पांढरी रेघ राहिली आहे. बरी दिसते, म्हणालो. तिने ऐकलं नाही बहुतेक.
वकीलबाई कागद वाचायला लागल्या. मी म्हटलं, असू द्या, घरचाच मामला, कुठे करू सही? सगळीकडे केल्या. मग मेहुण्याला विचारलं, निघायचं का, सामान आजच आणू या.
बायको वकीलबाईंना म्हणाली, त्याला एकदा पूर्ण वाचून दाखवा, आणि काय कळलं ते त्याच्याच तोंडून ऐका.
त्यांनी पहिल्यापासून वाचलं. फार नव्हतं, दोन पानं. पंखा बंद केला होता, शब्द न् शब्द ऐकू येत होता. मध्ये मला पाणी दिलं.
सांगा, म्हणाल्या.
मी सांगितलं. दोघांच्या संमतीने घटस्फोटाचा अर्ज. घर तिच्या वडिलांनी तिला दिलेलं, ते तिचंच. एप्रिलअखेर मी निघायचं. चावी मेहुण्याकडे. तिला फोन करायचा नाही, काही असेल तर वकीलबाईंमार्फत.
वकीलबाई म्हणाल्या, अगदी बरोबर.
मी वळून पाहिलं. बायको जिना उतरून गेली होती.