कोरड्या चपला

बाबा, परवा आमच्या ऑफिसातले साहेब मला बघायला आले, हातात मोसंब्यांची पिशवी घेऊन. म्हणाले, इकडून चाललोच होतो. पार शहराबाहेर खराडीत राहणाऱ्या माणसाला शनिवार पेठ कशी काय वाटेत लागते, हे मी विचारलं नाही. माझी रजा वाढवायची की नाही, ते त्यांच्या हातात आहे. आत पाऊल टाकताच त्यांची नजर चपलांच्या मांडणीकडे गेली आणि मला तुम्ही आठवलात. तुम्ही साहेब होतात तेव्हा पावसाळ्यात तुमच्या कचेरीत कुणी आजारपणाची रजा टाकली की संध्याकाळी तुम्ही मोसंबी घेऊन त्याच्या घरी हजर, आणि मी तुमचं बोट धरून. तुम्ही तब्येतीची चौकशी करता, चहाला नको म्हणता आणि निघताना वाकून त्याच्या चपलेला हळूच बोट लावून बघता. "आजारी माणसाची चप्पल कोरडी असते," असं जिन्यात मला सांगता. केवढा अभिमान वाटायचा मला तुमचा.

कोविड होऊन गेला, पण माझं डोकं काही जागेवर आलं नाही. बोलता बोलता शब्द हरवतो, साधा मेल वाचून मी दमते. एमआरआय स्वच्छ आला आणि साहेबांचा सूर बदलला. म्हणून मेंदूतला रक्तपुरवठा बघणाऱ्या एका संशोधनात मी नाव दिलं. यंत्राच्या खडखडाटात पडल्या पडल्या एकच मागत होते, काहीतरी बिघडलेलं दिसू दे. परवा सकाळी डॉक्टरीणबाईंनी चित्र समोर ठेवलं. म्हणाल्या, "पुष्कळ रुग्णांची चित्रं एकत्र पाहिली की फरक दिसतो. तुमच्या एकटीच्या चित्रावरून ठामपणे सांगता येत नाही. पण म्हणून तुमचा त्रास खोटा ठरत नाही." हे शेवटचं वाक्य तेव्हा माझ्या कानात शिरलंच नाही. रिक्षात बसल्यावर मला माझाच संशय यायला लागला, की हे खरंच होतंय, का मी अंग चोरतेय? विचारणारा आवाज हुबेहूब तुमचा होता.

घरी येऊन टेकते तोच बेल वाजली. दाराच्या भिंगातून साहेब दिसले. माझ्या चपलांना दवाखान्याच्या आवारातला ओला चिखल होता. तपासणीला गेले होते, एवढं म्हटलं असतं तरी भागलं असतं. पण मी त्या उचलून न्हाणीघरात ठेवल्या, आणि मग दार उघडलं. खरी आजारी असून चोरासारखी वागले.

मोसंबी गोड निघाली, बाबा. तुम्ही आलात तर तुम्हाला सोलून देईन. पण दार उघडण्याआधी चपला लपवीन.