घुबडाचा शिक्का

६ फेब्रुवारी १९६२

अष्टग्रही झाली. आठ ग्रह एका राशीत आले, पण जग काही बुडालं नाही. बुडालं असतं तर निदान या गावातून सुटका झाली असती!

दामूचं पत्र. ट्रेनिंग कॉलेजात आम्ही एका बाकावर. त्याला शहापूर मिळालं आणि मला म्हसा गावाच्या पुढे सात मैल, एकशिक्षकी शाळा. त्याने कुठल्याशा इंग्रजी मासिकात वाचलंय — तिकडे लोक माळरानावर डबा लपवतात. डब्यात कोरी वही आणि हाताने कोरलेला शिक्का. ज्याला डबा सापडेल त्याने तो शिक्का आपल्या वहीत उठवायचा आणि स्वतःचा डब्यातल्या वहीत. नाव लिहायचं नाही, शिक्का हीच ओळख. ‘तू तिकडे लपव, मी इकडे लपवतो. त्या निमित्ताने भेट होईल.’

पोरखेळ आहे. पण इथे माझ्याशी दोन शब्द बोलायला आहे कोण?

९ फेब्रुवारी

शिक्क्यासाठी जुन्या चपलेची रबरी टाच कापली. ब्लेड आणि घासून टोक काढलेली छत्रीची काडी, एवढीच हत्यारं. आधी माझं आद्याक्षर कोरलं — कागदावर उलटं उठलं! म्हणे मास्तर! अक्षराचा नाद सोडला, घुबड कोरलं. परीक्षेच्या दिवसांत जागायचो म्हणून दामू मला घुबडच म्हणायचा. दुसऱ्या डोळ्यापाशी ब्लेड अंगठ्यात घुसलं. पण उठलं झकास! कितीतरी दिवसांनी स्वतःवर खूश झालो.

११ फेब्रुवारी, रविवार

बिस्किटांचा डबा शिवेवरच्या ऐनाच्या बुंध्याशी, दगडाखाली ठेवला. आत वही, शिक्का आणि शाईसाठी चिंधी. चिंधी तांबड्या शाईत भिजवली, शाळेत दुसरी शाईच नाही. पहिल्या पानावर माझं घुबड. दामूला नकाशा धाडला.

१८ फेब्रुवारी

दामू आला नाही.

२५ फेब्रुवारी

आजही नाही! कार्ड आलंय — ‘सासरची मंडळी आली आहेत.’ त्याने तिकडे डबा तरी ठेवलाय का, देव जाणे. मूर्ख मीच. चपलेची टाच गेली ती गेलीच.

२८ फेब्रुवारी

गावातल्या कोंडूचा बैल मेला. गेल्या महिन्यातच म्हशाच्या गुरांच्या जत्रेत घेतलेला. पोट फुगून गेला, काहीतरी भलतं खाल्लं असणार. कोंडू बैलाच्या मानेवर डोकं ठेवून रडत होता.

१ मार्च

बैल पुरायला शिवेवर नेला आणि दगड गोळा करताना गावकऱ्यांना डबा सापडला. अख्खा गाव शाळेपुढे! घुबडाचं चित्र, रक्तासारखी चिंधी... कोंडू ओरडत होता, “करणीच हाय ही! वहीत येक अक्षर नाय, बघा!”

पाटलाने वही माझ्यापुढे धरली. “गुरुजी, काय समाजतं का?”

मी म्हणालो, नाही.

त्याच वेळी हसून सांगून टाकायला हवं होतं. एक वाक्य पुरलं असतं.

संध्याकाळपर्यंत यांनी नाव काढलंसुद्धा — सकुबाई. गावाबाहेरच्या वाडीतली, नवरा मेलेली, मजुरी करणारी. ऐनाखाली लाकडं वेचताना रोज दिसते, एवढाच पुरावा. “भुताळी हाय ती!” तिची जनी माझ्या पहिलीत आहे, वाडीतून येणारी एकटीच मुलगी.

३ मार्च

सकुबाईला गावात काम बंद. विहिरीवर कोंडूच्या बायकोने दगड मारला, कपाळ फुटलं. जनी शाळेत आली नाही.

उद्या सांगतो.

५ मार्च

नाही सांगितलं. खोली पाटलाची, जेवण पाटलाच्या घरचं. करणी करणारा मास्तर कोण ठेवून घेईल? भ्याड आहे मी, दुसरं काही नाही. दामूला सगळं लिहिलं.

९ मार्च

या खेपेस बरं उत्तर लगेच आलं! ‘गप्प बस. नोकरी घालवशील.’ हरामखोर.

आणि ते वाचून मला हायसं वाटलं. हेही लिहून ठेवतो.

१२ मार्च

वाडीवर गेलो. सकुबाई बोचकं बांधत होती. जनीला घेऊन कोळशाच्या भट्टीवर कामाला निघालेली. कपाळावर हळद थापलेली. मी उभ्या उभ्या सांगून टाकलं — डबा माझा, घुबड मी कोरलं.

तिने मानही वर केली नाही. “ठावं हाय गुर्जी. तुमाला डबा ठेवताना बघितला मी.”

“मग बोलली का नाहीस?”

“तुमाला हाकलला तं शाळा बंद. आदी दोन वरसं बंदच व्हती. जनीला शिकायचा व्हता ना.”

पाटी शाळेची, म्हणून जनीने ती माझ्या हातात दिली.

१३ मार्च

पाटलाकडे अजून गेलेलो नाही.